भाकरीची जाड कड

आण्णा माणसाकडे नंतर बघायचे, आधी त्याच्या चपलांकडे. कुणाच्याही दारात गेले की हात मागे बांधून उंबऱ्याबाहेर उभे राहायचे आणि तिथल्या पायताणांच्या ढिगाकडे असे टक लावून बघायचे, की घरातल्याला वाटावं हा माणूस चपला चोरायला आलाय. भवानी पेठेत एका म्हातारीनं एकदा विचारलंच, "काय ओ, तुमची हितं हरवली का?"

"माझी न्हाय मावशी," आण्णा म्हणाले, "पर कुणाची हरवती का, ते बघतुय."

ते खरं बोलत होते. कुष्ठरोगात पायाची जाणीव गेली की चप्पल निसटून पडल्याचं माणसाला कळत नाही. तो तसाच दहा पावलं पुढे जातो, मागून कुणीतरी हाक मारतं. असं दोनतीनदा झालं की तो चपलेला टाचेमागून नाडी बांधतो. दवाखान्यात जात नाही. नाडी बांधून भागतंय तोवर भागवतो. आण्णा ती नाडी शोधत असायचे.

सोलापुरात सात रस्त्याजवळच्या एका सरकारी कार्यालयात ते कुष्ठरोग तंत्रज्ञ होते. मी तिथं घरोघरच्या शोधमोहिमेचं प्रचारसाहित्य लिहायला तीन महिन्यांच्या करारावर आले आणि वर्षाहून अधिक राहिले. माझं घर पत्रकांचं. वडील गिरणीच्या दारात पत्रकं वाटायचे, उरलेल्यांच्या कोऱ्या पाठीवर मी पाढे लिहिले. 'जागे व्हा' हे दोन शब्द मी शाळेत जाण्याआधीच वाचायला शिकले होते. त्यामुळे साहेबांनी पहिल्याच दिवशी भिंतीवरचा तक्ता दाखवून "कुष्ठरोग निर्मूलन आणि जागतिक विकासाची ध्येयं, यावर एक पत्रक हवंय" असं सांगितलं, तेव्हा मला स्वर्ग दोन बोटं उरला.

त्या तक्त्यावर सतरा रंगीत चौकोन होते. दारिद्र्य नको, भूक नको, शिक्षण हवं, स्त्री-पुरुष समानता हवी, असं जगातल्या सगळ्या देशांनी मिळून ठरवलेलं. मी एका बैठकीत दोन पानं लिहिली. 'उष्ण प्रदेशातील दुर्लक्षित आजार' या शब्दांखाली मी जाड रेघ ओढली होती. आण्णांनी चष्मा पुसून ते पत्रक वाचलं. मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मी कौतुकाची वाट बघत होते.

"ह्ये दुर्लक्षित म्हंजे," त्यांनी विचारलं, "कुणी लक्षच दिलं न्हाय असं?"

"हो ना आण्णा! जगानं दिलं नाही. औषधकंपन्यांनी, सरकारांनी, वर्तमानपत्रांनी…"

"मंग मी तीस वर्षं काय करतुय?"

ते रागावले नव्हते. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं. थोड्या वेळानं त्यांनी दुसरा प्रश्न काढला. "आणि ह्ये जागतिक हाय, त्ये भवानी पेठ धरून का सोडून?"

"धरून."

"मंग चल की पत्रकबाई. बघून येऊ."

त्या दिवसापासून मी पत्रकबाई झाले. माझं खरं नाव त्यांनी कधी घेतल्याचं आठवत नाही.

आण्णा सांगोल्याकडचे. घरची मेंढरं. लहानपणी कळपामागून चालताना कुठलं मेंढरू पाय उचलून टाकतंय हे लांबून ओळखायला ते शिकले, आणि नोकरीत तेच कामाला आलं. "मेंढराला इचारता येत न्हाय, काय हुतंय म्हणून," ते म्हणायचे. "माणसाला इचारता येतं, पर त्यो खरं सांगत न्हाय. म्हंजे दोगंबी सारकंच." त्यांच्या खिशात काड्यापेटी असायची आणि तिच्यात घरच्या मेंढीच्या लोकरीची बारीक वात. जाणीव तपासायला सगळे कापूस वापरतात, हे लोकर वापरायचे. मी कारण विचारलं तर म्हणाले, "कापूस दवाखान्याचा, माणूस बिचकतो. लोकर बघून इचारतो, ह्ये काय ओ? त्यानं इचारलं की माझं निम्मं काम झालं."

तपासणी साधी होती. "डोळे मिटा. मी कुटं टेकवतुय तितं बोट लावा." माणूस डोळे मिटून हनुवटीवर, दंडावर, पोटरीवर बोट लावत जायचा. पोरं तर खेळ समजून रांग लावायची. आणि मग कधीतरी एखाद्या फिकट चट्ट्यावर लोकर टेकायची आणि बोट उठायचंच नाही. डोळे मिटलेला माणूस वाट बघत राहायचा. आण्णा लोकर उचलून सहज आवाजात पुढं विचारायचे, "गाव कुटलं म्हणालात?" त्या एका क्षणात त्यांचा चेहरा बदलायचा नाही. मी पुष्कळदा निरखून पाहिलं.

भाषा त्यांना चार यायच्या आणि चारही मोडक्या. विणकरांच्या घरी तेलुगू, अक्कलकोटकडून आलेल्यांशी कानडी, पलीकडच्या गल्लीत दखनी. चुका झाल्या की बायका हसायच्या आणि हसताना दार जरा जास्त उघडायच्या. त्या चुका मुद्दाम होत्या की खऱ्या, हे मला आजवर कळलेलं नाही.

अशाच एका दारात त्यांना ती नाडी दिसली. निळी रबरी चप्पल, डाव्या पायाची, टाचेमागून परकराची नाडी बांधलेली. घर चन्नम्माक्काचं. अक्कलकोटकडची बाई, नवरा वारलेला, एक मुलगी भाग्या बारावीत. अक्का कडक भाकऱ्या करायची. गल्लीतल्या सातआठ बायकांचा गट होता. प्रत्येकीनं आपल्या चुलीवर थापायच्या, भाजायच्या, निखाऱ्याशी टेकवून पापडासारख्या कुरकुरीत वाळवायच्या आणि गंगूआत्याच्या पडवीत आणून द्यायच्या. तिथून त्या पाकिटात भरून दुकानांत आणि खानावळींत जायच्या.

आण्णा आत जाऊन भाकऱ्यांच्या चवडीसमोर बसले. एक उचलली, उजेडात धरली, गोल फिरवली. दुसरी उचलली. मला वाटलं, भूक लागली असेल.

"अक्का, ही तुमी केली का पोरीनं?"

"मीच की. का ओ?"

"आणि ही खालची?"

"तीबी मीच. गेल्या महिन्यातली हाय, घरी खायला ठेवलीया."

"मंग जुनीची कड सगळीकडनं पातळ, आणि ह्या ताजीची एका बाजूनं जाड कशी?"

अक्कानं पदरात हात लपवला. तिनं तो का लपवला ते मला तेव्हा समजलं नाही. नंतर आण्णांनी सांगितलं, की भाकरी फिरवत थापताना कड पातळ होते ती तळहाताच्या करंगळीकडच्या बाजूनं. ती बाजू दुबळी झाली की कड जाड राहते. भाकरी भाजणारीच्या आधी भाकरीला कळतं.

खिशातलं बसचं तिकीट काढून त्यांनी ते अक्काच्या करंगळीत आणि शेजारच्या बोटात धरायला दिलं. "घट धरा. मी ओढतुय." त्यांनी ओढलंसुद्धा नाही, नुसतं हलवलं. तिकीट खाली पडलं. करंगळीच्या कडेला एक फोड होता, तव्याचा, दोन दिवसांचा. तो कधी आला, अक्काला माहीत नव्हतं.

"ब्याड री आण्णा, ब्याड," ती कानडीत नको नको म्हणायला लागली. "कुणाला सांगू नका. माज्या हातची भाकरी कुणी खाणार न्हाय. पोरगी हाय माजी."

मी पुढं सरसावले. हा रोग भाकरीतून पसरत नाही, गोळ्या सुरू केल्या की काही दिवसांत तो कुणालाच देता येत नाही, कायदा आहे, हक्क आहेत, असं सगळं मी एका दमात सांगितलं. सगळं खरं होतं. अक्का माझ्याकडे बघतही नव्हती. आण्णांनी चवडीतली जाड कडेची भाकरी मोडली, शेंगाचटणी मागितली आणि तिच्यासमोर बसून अख्खी खाल्ली. मग म्हणाले, "दर आठवड्याला चार भाकऱ्या न्यायला येत जाईन. चौथ्या आठवड्याला पिशवीत गोळ्यांचं पाकीट असंल. पैली गोळी माज्यासमोर. बारा महिनं. मी भाकरीचं गिराईक, दुसरं कुणी न्हाय."

परतताना ते मला म्हणाले, "आता तुजं सतरा चौकोन हिच्या एका करंगळीवर मोज."

मी मोजायला लागले. करंगळी गेली की हात गेला, हात गेला की काम गेलं, म्हणजे दारिद्र्य. पोटाचे हाल, म्हणजे भूक. आरोग्य तर होतंच. आईला जमेना म्हणून भाग्या आधीच पहाटेची शंभर भाकरी थापत होती आणि वर्गात पेंगत होती, म्हणजे शिक्षण. मुलगा असता तर त्याला तव्यापुढं बसवलं असतं का, म्हणजे समानता. पाचव्यावर मी थांबले. आण्णांनी मान हलवली. "मला वाटलं दोनच भरतील. बरं झालं इचारलं."

सहा महिने हे सुरळीत चाललं. गोळ्यांनी अक्काचा रंग काळवंडला, तेव्हा ती शेजारणींना म्हणाली, "चुलीपुढं बसून गोरी हुणार हाय का मी?" भाग्याला तपासून प्रतिबंधक गोळी दिली गेली. आणि माझ्या डोक्यात पत्रक शिजत होतं.

आण्णा गावच्या जत्रेला आठवडाभर रजेवर गेले, त्या आठवड्यात मी ते लिहिलं. नाव दिलं नाही, गल्ली दिली नाही. मी काळजी घेतली होती, असं मला वाटत होतं. 'भवानी पेठेतली एक आई' एवढंच. शेवटी वाचणाऱ्याला शरम वाटावी म्हणून मी लिहिलं, 'ज्या रोगाला तुम्ही घाबरता, तो झालेल्या हातांची कडक भाकरी तुम्ही कैकदा मिटक्या मारत खाल्ली आहे. तुम्हाला काय झालं?' साहेबांना ते इतकं आवडलं की त्यांनी लगेच छापायला पाठवलं. दोन दिवसांत त्याचा फोटो व्हॉट्सॲपवर सोलापूरभर फिरला.

कुणालाच शरम वाटली नाही, लोक फक्त घाबरले. नाव नसल्यामुळे ती एक आई कोण हे कुणाला कळेना, आणि म्हणून पेठेतली भाकरी थापणारी प्रत्येक बाई ती झाली. दुकानदार पाकिटं परत पाठवायला लागले. खानावळवाले विचारायचे, "तुमच्यातली कोण हो ती?" गटातल्या बायका एकमेकींच्या हातांकडे बघायला लागल्या. गंगूआत्या कार्यालयात येऊन साहेबांच्या टेबलावर पत्रक आपटून गेली. "लिवणारीला म्हणावं, ये, माज्या पडवीत बस आणि इक ह्या भाकऱ्या!" अक्कानं घराला कुलूप लावलं आणि भाग्याला घेऊन ती भावाकडे गेली. सातव्या पाकिटाची तारीख उलटली.

आण्णा परत आले. मी स्वतःहून सगळं सांगितलं. मला त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी पत्रक वाचलं, घडी घातली आणि विचारलं, "ह्ये लिवताना डोळ्यापुढं कोण हुतं?"

"अक्का."

"न्हाय. अक्का असती तर तिला वाचून दावलं असतंस. बघ बरं आठवून, कोण हुतं?"

मी आठवून बघितलं. डोळ्यापुढे टाळ्या वाजवणारे लोक होते.

अक्काचा भाऊ जेऊरजवळच्या केळीच्या बागेत कामाला होता, एवढाच पत्ता शेजारणीनं दिला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं आम्ही निघालो. आण्णांच्या पिशवीत पाकीट होतं. गाडीत ते खिडकीशी बसून शेतं बघत होते, कुठं काय पेरलंय ते समोरच्या प्रवाशाला विचारत होते, नेहमीसारखेच. फक्त एकदा स्वतःच्या कोपराच्या आतल्या बाजूला बोटांनी चाचपून बघितलं. तिथून करंगळीकडे जाणारी नस जाते. औषध थांबलेल्या काळात ती सुजली आणि आठदहा दिवस कुणी बघितलं नाही, तर बोटं कायमची वळून बसतात. आम्ही त्या मुदतीशी शर्यत लावत होतो आणि गाडी प्रत्येक स्टेशनावर थांबत होती.

अक्का बागेच्या कडेला पत्र्याच्या खोलीबाहेर बसली होती. भाग्या चुलीपुढं. आम्हाला बघून अक्का उठली नाही.

"आण्णा, तुमी बसा," ती म्हणाली. "ही बाई कशाला आली?"

"मी माफी मागायला आले, अक्का."

"माफी ठेव. एक सांग. माज्या हातची भाकरी तू खाल्लीस का गं कदी?"

पाच वेळा तिनं मला भाकरी दिली होती. पाचही वेळा मी 'घरी खाते' म्हणून कागदात गुंडाळून घेतली होती. मला सगळं माहीत होतं. रोग कसा पसरतो, कसा पसरत नाही, हे मी स्वतः लिहून हजारोंनी छापलं होतं. आणि पाचही वेळा मी ती सात रस्त्यावरच्या गायीला घातली होती.

"नाही," मी म्हणाले.

"मला ठावं हुतं," अक्का म्हणाली. "घेताना तुजा हात कागदाआड असायचा."

भाग्यानं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. आण्णांनी माझी बाजू घेतली नाही, तिचीही घेतली नाही. त्यांनी अक्काचा उजवा हात आपल्या हातात घेतला, कोपरामागं बोट ठेवलं आणि हलकंसं दाबलं. अक्का किंचाळली.

"कवापासनं दुखतंय?"

"चार दिस झालं."

"अक्का, हिच्याशी भांडायचं हाय न्हवं? सोलापूरला येऊन सावकाश भांड. वर्षभर भांड, मी बी भांडतो तुज्याकडनं. पर ही नस तुमच्या भांडणाला थांबणार न्हाय. आजची गोळी घे आणि माज्यासंगं डाक्टरकडं चल. ह्या सुजेचं औषध येगळं."

"आणि मंग? कुणासाठी थापू भाकरी? पेठेत कोण खाणार हाय?"

आण्णांनी तिचा हात अजून सोडला नव्हता. "मला ठावं न्हाय, अक्का. हात ऱ्हायला तर इचार करता येईल. हात गेला तर तेबी न्हाय."

मग भाग्यानंच पाण्याचा तांब्या आणून आईपुढं ठेवला. अक्कानं गोळ्या घेतल्या. मी भाग्याला म्हणाले, "मला एक भाकरी दे." तिनं आईकडे बघितलं. आई म्हणाली, "आता नको. आता तू मला दावायला खाशील." ते खरंच होतं, म्हणून मी परत मागितली नाही.

पुढचे तीन महिने आण्णा दर महिन्याला जेऊरला गेले. हाताची सूज उतरली, बोटं बरीचशी सरळ राहिली, करंगळी जराशी वाकलीच. त्या करंगळीला तेल लावून, मांडीवर दाबून सरळ करायचा व्यायाम त्यांनी भाग्याला शिकवला आणि मला सांगितलं, "ह्ये लिव. कुणी बाई हाय, कुटं हाय, ह्ये न्हाय लिवायचं. तेल कसं लावायचं, ह्येच लिव. आणि लिवलं की अक्काला वाचून दाव." मी लिहिलं. अक्कानं त्यातली तीन वाक्यं खोडायला लावली. माझ्या सगळ्या लिखाणात लोकांनी जपून ठेवलेलं तेवढं एकच पत्रक. त्यात 'जागे व्हा' कुठंच नाही.

भाग्याच्या कॉलेजसाठी अक्का पेठेत परतली. बारावं पाकीट तिनं स्वतःच्या घरात संपवलं. आण्णांनी लोकर काढली. "डोळे मिट." दंडावर तिला कळलं, मनगटावर कळलं, करंगळीच्या कडेला कळलं नाही. "तितली जाणीव आता येणार न्हाय, अक्का. रोग गेला. तवा मातुर फडक्यानं धरायचा, कायमचा." निवृत्तीला त्यांचा महिनाच उरला होता. कार्डावर त्यांनी उपचार पूर्ण झाल्याची नोंद केली आणि विचारलं, "आता गटात जाशील का?"

गट कसाबसा चालू होता. निम्मं गिऱ्हाईक परत आलेलं, पण पडवीत पूर्वीचा गोंगाट नव्हता. कुणी कुणाच्या पिठाला हात लावत नव्हतं. अक्का दोन दिवस गेलीच नाही. तिसऱ्या दिवशी तिनं आण्णांना निरोप पाठवला, मलाही बोलवलं. आम्ही पोचलो तेव्हा ती गंगूआत्याच्या पडवीत उभी होती आणि बायका पाकिटं भरत होत्या. ती फार मोठ्यानं बोलली नाही.

"त्या कागदातली बाई मी हाय. औषध संपलं. आता माज्यापासनं कुणाला काय हुत न्हाय. तुमाला माज्यामुळं लई सोसावं लागलं. आता काय करायचं ते करा."

मग गंगूआत्यानं कमरेवर हात ठेवले.

"आगं भवाने! मंग सांगायचं न्हवतं व्हय आदी? सहा महिनं रोज रातच्याला मी माजा हात चिमटं काढून बघतीया, मीच हाय का काय म्हणून! ह्यो बघ दंड, हिरवा पडलाय!"

"आत्या, तुमी बी?" एक जण म्हणाली. "मी सुई टोचून बघायची."

"माजा नवरा माजे तळपाय बघायचा, झोपल्यावर. मला वाटायचं पिरेम करतुय!"

त्या हसण्यानं पडवीत पुन्हा माणसं आली. एकेक जण आपला भीतीचा किस्सा सांगायला लागली. एवढ्या बायका सहा महिने आपापल्या घरात, दार लावून, स्वतःला टोचून बघत होत्या, आणि त्यांना न टोचता सांगणारा माणूस पेठेतच फिरत होता. ही माझ्या पत्रकाची करणी. ते हसणं ऐकताना मला कुठं बघावं कळेना. गंगूआत्यानं मला हेरलंच. "हीच न्हवं का लिवणारी? बस हितं. पाकिटं भर. लिवण्यापरास सोपं हाय." मी बसले आणि भरायला लागले.

"आण्णा," गंगूआत्या म्हणाली, "चिमट्यानं खरं कळत न्हाय वाटतं. तुमच्या त्या लोकरीनं बघा बरं समद्यांचं."

तीस वर्षं चपला बघत, दारं वाजवत, नाही नाही म्हणणाऱ्यांच्या मागं फिरलेल्या त्या माणसापुढं बायकांनी स्वतःहून रांग लावली. डोळे मिटा, बोट लावा. डोळे मिटा, बोट लावा. आठवी सुमन, गटात नव्यानंच आलेली सून, वीसबावीस वर्षांची. कोपराच्या वर रुपयाएवढा फिकट डाग. शिबं असेल म्हणून तिनं मलम लावलं होतं. आण्णांनी लोकर टेकवली. सुमनचं बोट उठलं नाही. तिनं मिटल्या डोळ्यांनीच विचारलं, "झालं का ओ?"

तिचा हात अगदी धडधाकट होता. दिलेलं तिकीट तिनं करंगळीत इतकं घट्ट धरलं की आण्णांच्या ओढण्यानं ते फाटलं. इतक्या लवकर सापडलेली केस आपण फार कमी बघितली, असं आण्णा नंतर म्हणाले. पण सुमनला लवकर म्हणजे काय आणि उशिरा म्हणजे काय, हे कुठं माहीत होतं? ती खाली बसली. सगळ्या बायका तिच्याकडे बघत होत्या, आणि ती दाराकडे.

आण्णा तिच्यासमोर उकिडवे बसले. त्यांनी घसा साफ केला. मला त्यांचं पुढचं वाक्य पाठ होतं. पण चन्नम्माक्कानं मागून येऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"तुमी सरका, आण्णा. हिला मी सांगते."

आण्णांनी वर बघितलं. क्षणभर त्यांच्या चेहऱ्यावर तोच प्रश्न विचारण्याआधीचा भाव आला. मग त्यांनी काही विचारलं नाही. उठले, पडवीच्या पायरीवर जाऊन बसले आणि शाळेतल्या पोरासारखे ऐकायला लागले. अक्का सुमनजवळ बसली, तिनं आपली वाकडी करंगळी तिच्या हातावर ठेवली.

"आदी एक ऐक," ती म्हणाली. "गोळी घेतल्यावर पैल्या दिवशी लघवी लाल येती. भ्यायचं न्हाय. मला कुणी सांगितलंच न्हवतं. मी लई भ्याले हुते."